मुक्यानं घ्यायची पुडी

माझे गाल वर आले तेव्हा शाळेत सगळ्यांना आनंद झाला होता. "बाई, तब्येत सुधारली की!" असं हेडबाईसुद्धा म्हणाल्या. मीही आरशात बघून खूश. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचे गाल असे उगाच गुबगुबीत होत नसतात, हे मला आता कळलंय. ज्यांना अजून कळलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. चौथीच्या वर्गाला शिकवणारी बाई आहे. आजाराची माहिती हवी असेल तर ती डॉक्टरांना विचारा. मी फक्त माझ्यावर काय गुदरलं ते सांगणार, आणि कुणामुळे गुदरलं तेही सांगणार. नातेवाइकांचा निरोप आलाय की लिहू नकोस, घरचं घरात राहू दे. अहो, घरचं घरात ठेवलं म्हणूनच तर मी मरायला टेकले होते!

*

सुरुवात गुडघ्यांपासून झाली. दिवसभर फळ्यासमोर उभं राहायचं आणि संध्याकाळी भवानी पेठेतल्या आमच्या घराचा उभा जिना चढायचा. एकेका पायरीला "आई गं" निघायचं तोंडातून. हाडांच्या डॉक्टरांनी वजन कमी करा, व्यायाम करा असं सांगितलं. मला व्यायाम नको होता, गुण हवा होता. तेवढ्यात आक्का आली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई दिवसभर रानात असायची, त्यामुळे माझ्या वेण्या आक्कानं घातल्या, उवा आक्कानं काढल्या. शाळेच्या पहिल्या दिवशी मी भोकाड पसरलं, तर वर्गाबाहेर उन्हात बसून राहिली बिचारी, शाळा सुटेपर्यंत. तिचं सासर श्रीपूरला. तिचे यजमान, आमचे दाजी, साखर कारखान्यातून रिटायर झाले आणि गुडघे, कंबर, खांदे यांच्यावर पुडी द्यायला लागले. दर रविवारी त्यांच्या ओट्यावर बायकांची रांग लागते. कारखान्यातल्या बाबूंच्या बायका असतात, आणि हंगाम सुरू झाला की ऊस तोडून हात-कंबर मोडलेल्या बायाही येतात. दाजींचं नाव चांगलं आहे तिकडं. म्हणजे माझ्या लेखी होतं.

"सकाळी अनशापोटी घ्यायची," आक्कानं मला समजावलं होतं. "गुळाच्या खड्यात घालून. घशाखाली उतरंपतूर कुणाशी एक शब्द बोलायचा न्हाय. आन् डॉक्टरला तर मुळीच सांगायचं न्हाय. सांगितलं की गुण जातो."

आमच्याकडे यात कुणाला नवल वाटत नाही. काविळीचं औषध असो, विंचवाचा उतारा असो, देणारा काय ते सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. मी वर्गात मुलांना प्रश्न विचारा, प्रश्न विचारा म्हणून ओरडते. पण आक्कानं दिलेल्या पुडीला कसला प्रश्न विचारायचा? मी रोज सकाळी तोंड बंद करून ती गिळायची. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, तेवढा वेळ माझी गंमत करायचे. "हीच एक वेळ घरात शांतता असते," म्हणायचे.

आणि गुण काय आला म्हणता! आठवड्याभरात मी जिना पोरीसारखी चढायला लागले. दोन वर्षं घेतली मी ती पुडी. मधल्या काळात गाल वर आले, मानेमागं चरबीचा उंचवटा आला, साखर वाढली, कुठं जरा हात आपटला की निळा डाग पडायचा. पोटात सारखी आग पडायची. प्रत्येक वेळी मी आक्काला फोन करायची आणि ती म्हणायची, "औषध अंगात भिनतंया. घाबरू नगं." मी घाबरायची नाही.

*

त्या दिवशी सकाळपासून संडासला डांबरासारखी काळी होत होती. मी कुणाला बोलले नाही, असल्या गोष्टी कोण बोलतं? ज्वारीचं पीठ मळायला घेतलं आणि परातीतच हात टाकून आडवी झाले. ह्यांनी आणि शेजारच्यांनी मला तसंच, पिठाच्या हातानं, रिक्षात घातलं.

दवाखान्यात घशातून दुर्बीण घातली. पोटात मोठी जखम होती, तिच्यातून रक्त वाहत होतं. मूत्रपिंडांवर ताण आलाय, साखर हाताबाहेर गेलीय, असं एकापाठोपाठ एक डॉक्टर सांगत गेले. हे एका टॉवेल-चादरीच्या दुकानात लिहिण्याचं काम बघतात, गडबडून जाणारा माणूस नाही. पण त्या दिवशी सारखं एकच म्हणत राहिले, "पण ही तर चहासुद्धा कमी पिते हो, डॉक्टर." पुडीचं त्यांना आठवलं नाही. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच. बायकोच्या बहिणीनं आणलेलं काहीतरी होतं.

आक्का दुपारपर्यंत श्रीपूरहून आली. तिला बघून मला रडू फुटलं. आली माझी आई, असं वाटलं. वॉर्डात आमच्या भागाला पद्मा सिस्टर होत्या. विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, आणि समोर कोणीही बाई असो, तिला अम्मा म्हणणाऱ्या. त्या कागद घेऊन आल्या.

"अम्मा, दुखण्याच्या गोळ्या घेता काय? काढा, चूर्ण, गावठी काही? जे असेल ते सांगा."

माझ्या नाकातून नळी पोटात गेलेली, घसा सोललेला. बोलता येईना. मी आक्काकडं बघितलं. सांग, असं डोळ्यांनीच म्हटलं. नियम काहीही असो, आता जीव वरखाली होत होता, आता सांगायलाच हवं होतं. आक्कानं माझा हात दाबला, "थांब, मी सांगते," म्हणाली आणि सिस्टरच्या मागं बाहेर गेली. थोड्या वेळानं परत येऊन माझ्या कानाशी वाकली.

"सांगितलं गं पुडीचं. डॉक्टर म्हणले, काय हरकत न्हाय. तू निवांत पड."

मी निवांत पडले. तिच्यावर भरवसा टाकून मी आयुष्यभर निवांतच पडत आले होते.

*

दवाखान्यातले दिवस सगळे सारखे असतात. पहाटे सुई, मग बीपी, मग राऊंड. तोंडानं काही द्यायचं नाही, अशी पाटी माझ्या कॉटला. पद्मा सिस्टर कापसाचा बोळा पाण्यात बुडवून माझ्या ओठांवर फिरवायच्या. तो बोळा यायची वेळ झाली की मी दारात डोळे लावून बसायची. लघवी मापाच्या भांड्यात मोजायची, ते आकडे लिहायचे. आधी मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं लघवीच कमी कमी होत गेली, तेव्हा लाज कुठल्या कुठं पळाली.

रक्त थांबलं होतं. जखम भरत होती. तरी मी खचत चालले होते. बीपी वर येईना. पोटात काही नसताना उलट्या. आधी आभाळाला भिडलेली साखर आता खाली खाली जायला लागली. हात उचलून माशी हाकलायचं त्राण नव्हतं. मला अतिदक्षता विभागात हलवलं. मूत्रपिंडं साथ देत नाहीत, असंच राहिलं तर डायलिसिस, असं डॉक्टर ह्यांना बाजूला घेऊन सांगत होते. बाजूला म्हणजे कुठं? माझ्या कॉटच्या पायथ्याशी. सगळं ऐकू येत होतं. मी मरणार, असं मला त्या दिवशी स्पष्ट वाटलं.

आणि आक्का? ती रोज येत होती. माझ्या कपाळावर अंगारा लावत होती. पायाला तेल चोळत होती. आमच्या घरची किल्ली तिच्याकडंच होती, ह्यांच्या पोटाचं बघत होती. अख्खा दवाखाना म्हणत होता, बहीण असावी तर अशी.

*

माझ्याबरोबर पद्मा सिस्टरांचीही बदली त्या आठवड्यात अतिदक्षता विभागात झाली होती, हे माझं नशीब. एका दुपारी त्या माझं अंग पुसायला आल्या. आक्का घरी स्वयंपाकाला गेली होती. सिस्टरांनी माझा दंड उचलला, मग पोटावरची चादर सरकवली आणि बघत राहिल्या.

"अम्मा, हे निळे डाग सलाईनचे नाहीत. आणि पोटावर हे जांभळे वळ. बाळंतपणातले असे नसतात."

"पुडीचे असतील," मी पुटपुटले. नळी काढली होती, बोलता येत होतं.

"कुठली पुडी?"

"गुडघ्याची. आक्कानं सांगितलंय की तुम्हाला."

"मला? कधी?"

"पहिल्याच दिवशी. तुमच्या मागं बाहेर आली होती. डॉक्टर हरकत नाही म्हणाले."

सिस्टरांनी हातातला टॉवेल बादलीत टाकला. "अम्मा, बाहेर येऊन तुमच्या आक्कानं मला संडास कुठं आहे एवढंच विचारलं."

एवढं बोलून त्या डॉक्टरांना बोलवायला धावल्या. मी अर्धवट पुसलेल्या अंगानं तशीच पडून राहिले. तिच्या हातून चुकलं असेल, विसरली असेल, घाबरली असेल, अशी सगळी कारणं मी तिच्या वतीनं शोधून बघितली. पण ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली होती ना, सांगितलं गं म्हणून! विसरलेलं माणूस असं बोलतं का? सख्ख्या बहिणीनं केसानं गळा कापला होता माझा.

डॉक्टरांनी आधी तपासणीला रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन दिलं. संध्याकाळी बीपी वर आलं. दुसऱ्या दिवशी मी उशीला टेकून बसले आणि म्हणाले, मला भूक लागलीय. तेव्हा हे तोंड फिरवून खिडकीकडं गेले. त्याच्या पुढच्या दिवशी लघवीचं भांडं भरलं. सिस्टरांनी ते वर उचलून ह्यांना दाखवलं आणि दोघंही हसले. माझं एवढं कौतुक माझ्या बारशालासुद्धा झालं नसेल.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. असल्या पुड्यांत स्टेरॉइडच्या आणि दुखण्याच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट जाळलं, मूत्रपिंडं शिणवली. स्टेरॉइडसारखं एक रसायन शरीर स्वतःच बनवतं, त्याची ग्रंथी मूत्रपिंडांच्या डोक्यावर असते. बाहेरून आयतं मिळायला लागलं की ती झोपी जाते. मग दवाखान्यात आल्यावर पुडी एकदम बंद झाली, आतली ग्रंथी तर झोपलेली, आणि मी कोसळले. नुसतं एका वाक्यात कुणी सांगितलं असतं, तर पहिल्याच दिवशी इंजेक्शन मिळालं असतं.

पुडी तपासायला हवी होती म्हणून हे घरी गेले. आमच्या स्वयंपाकघरात ती पितळेच्या डब्यात असायची. डबा होता. घासून, पुसून पालथा घातलेला.

*

आक्का दुसऱ्या दिवशी मऊ भाताचा डबा घेऊन आली. मी म्हटलं, "बस." ती बसली. मी म्हटलं, "आक्का, सिस्टरला काय सांगितलंस तू?"

तिला कळलं. पदर तोंडाला लावला. "मला काय म्हाईत गं त्यात काय असतंया? दाजी म्हणले, नाव घेतलंस तर पोलीस दारात येतील. आपल्या पोरीचं, सोनालीचं लगीन तोंडावर आलंय. तितं दवाखान्यात चांगली औषदं मिळत्यातच की, पुडीचं कशाला काढतीस, असं म्हणले."

"तुला माहीत नव्हतं?"

"आईच्यान, न्हाय."

"मग तुझे गुडघे माझ्याहून वाईट आहेत. अर्ध्या वाटेत बसतेस तू. तू का घेत नाहीस पुडी?"

आक्का खालमानेनं पिशवीचा बंद पिळत बसली. मी थांबले. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला मी असंच थांबून बघते, ते आपोआप बोलायला लागतं.

"मला वाटलं तू वाचशील," ती म्हणाली. "जनाबाई लई म्हातारी हुती. तू तरणी हायस की तिच्या मानानं."

माझ्या आधी एक जनाबाई होती, हे मला असं कळलं. ओट्यावर येणारी कुणी म्हातारी. तिचीही पुडी दवाखान्यात बंद झाली असेल, तिच्याही घरचे गुण जायच्या भीतीनं गप्प बसले असतील. आणि आक्काला ते ठाऊक होतं. ते ठाऊक असून ती माझ्या पायाला तेल चोळत बसली होती.

मी ओरडले. अतिदक्षता विभागात ओरडायचं नसतं, तरी ओरडले. तोंडाला येईल ते बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. पद्मा सिस्टरांनी आक्काला दंडाला धरून बाहेर नेलं. भाताचा डबा तिथंच राहिला. तो मी खाल्ला नाही आणि टाकलाही नाही. सिस्टरांनीच कुणाला तरी दिला.

*

घरी आले. आता माझ्या पर्समध्ये कायम एक चिठ्ठी असते, की हिला या गोळ्या चालू आहेत, त्या एकदम थांबवू नका. गोळ्या कमी कमी करत न्यायच्या, ग्रंथी जागी होईपर्यंत. होईल म्हणतात. मूत्रपिंडं पूर्ववत झाली नाहीत, पण डायलिसिस टळलं. मीठ कमी, पाणी मोजून. गुडघे परत दुखतात. गाल उतरले, आणि शाळेत सगळे म्हणतात, "बाई, किती वाळलात!"

दाजींची तक्रार डॉक्टरांनी पुढं पाठवली. एकदा कुणी माणूस चौकशीला येऊन गेला म्हणे. पुढच्या रविवारी ओटा पुन्हा भरला.

ते कळल्यावर मला घरी बसवेना. ह्यांनी लाख विनवलं. "तुझा जीव वाचला, बास की आता." पण त्या ओट्यावरच्या बायका मला डोळ्यांसमोर दिसायच्या. मी एका रविवारी अकलूजची गाडी धरली आणि तिथून श्रीपूरला गेले.

ओट्यावर बायका बसल्या होत्या. ऊसतोडीच्या होत्या, कारखान्यातल्या होत्या. दाजी मला बघून आत गेले. मर्दगडी! आक्का दारात उभी राहिली. मी मोठ्यानं सांगितलं, वर्गात सांगते तसं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. पुडीत काय असतं, पोटाचं काय होतं, मूत्रपिंडांचं काय होतं, माझं काय झालं, जनाबाईचं काय झालं असेल.

एक बाई पुडी हातात घेऊन उठली आणि म्हणाली, "मग टाकून देते ही उकिरड्यावर." दोन-दोन वर्षं घेतलेल्या बायका होत्या त्या. आजच्या आज टाकली तर उद्या-परवा त्यांचंही माझ्यासारखंच.

"टाकू नका!" मी ओरडले. "एकदम बंद करू नका! आधी डॉक्टरकडं जा!"

झालं. आक्का पुढं आली. "बगा," ती बायकांना म्हणाली. "तीच म्हणतीया, टाकू नगा. दुखन्यानं डोस्क्यावर परिनाम झालाय माज्या भनीच्या. चला, गूळ कुणाकडं न्हाय?"

बायका हसल्या. जी उठली होती ती खाली बसली. मी आणखी बोलत राहिले, पण एकदा हसू फुटलं की वर्ग हातात राहत नाही, हे मला नोकरीनं शिकवलंय. आक्कानं माझ्याकडं एकदाच बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, लाजही नव्हती. परकी बाई आल्यावर बघतात तसं बघून ती पुड्या वाटायला लागली. दवाखान्यात झालं नव्हतं एवढं त्या वेळी दुखलं मला.

मी स्टँडवर येऊन बसले. ढसाढसा रडले, लपवायचं काय त्यात. डोळे पुसते तर समोर ऊसतोडीची एक बाई उभी. हाताला उसाच्या पात्यांचे ओरखडे, तोंड गोल गरगरीत, माझं होतं तसं.

"बाई, मला बी काळी हुतीया," ती हळूच म्हणाली. "संडासला. डॉक्टरला काय सांगू?"

"पुडी बरोबर न्या आणि दाखवा. म्हणा, ही मी रोज खाते, इतके दिवस खाते. आणि आत्ता जायचं, उद्या नाही. अकलूजला चला, मी येते बरोबर."

ती माझ्याशेजारी बसली. पुडी पदराच्या गाठीत बांधली होती, ती चाचपून बघितली. मग तिनं विचारलं, "कुणी दिली म्हणून विचारलं तर? कुणाचं नाव सांगू?"

गाडी वळणावर दिसायला लागली होती. मी उठले आणि तिला हाताला धरून उठवलं.

"सांगा," मी म्हटलं, "बाईंच्या सख्ख्या बहिणीनं दिली. आणि तिथं मी असेनच. नाव मी सांगेन."